दूरच्या शिक्षकाला आपली चूक कळते कशी?

दिलेल्या आकड्यांमधला सर्वांत मोठा आकडा शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे. पायथन शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा गृहपाठ कधी ना कधी येतोच. विद्यार्थी ठरवतो, सुरुवातीला ‘सर्वांत मोठा’ म्हणून 0 धरू, मग एकेक आकडा पाहत जाऊ आणि त्याहून मोठा सापडला की तो ठेवून घेऊ. 4, 9, 2 दिले, उत्तर 9 आलं. 15, 60, 31 दिले, उत्तर 60 आलं. रात्री साडेअकराला तो खुशीत गृहपाठ जमा करतो आणि क्षणात पडद्यावर उमटतं, एक चाचणी नापास. कोणती, ते दिसत नाही. डोकं खाजवल्यावर केव्हातरी त्याच्या ध्यानात येतं की -7, -3, -12 असे आकडे आले तर आपला प्रोग्रॅम 0 हे उत्तर देईल, आणि 0 तर यादीतच नाही! बरोबर उत्तर आहे -3.

त्या रात्री कुणी शिक्षक जागा नव्हता. पण विद्यार्थी नेमका इथे अडखळणार, हे कुणीतरी शिक्षकाने कितीतरी आधी ओळखलं होतं आणि ती चाचणी तिथे पेरून ठेवली होती. ज्याला कधी पाहिलं नाही, त्याची अजून न झालेली चूक आधीच ओळखायची! घरबसल्या मिळणाऱ्या पदवीतलं मला सर्वांत थक्क करणारं कसब हेच वाटतं.

धडा दूर पाठवणं कधीच फार अवघड नव्हतं. ते काम पुस्तकं शतकानुशतकं करतच आली आहेत. अवघड आहे ते विद्यार्थ्याचं उत्तर शिक्षकापर्यंत आणणं आणि त्यातलं चुकलेलं दाखवून ते परत पाठवणं. दूरशिक्षणाचा सगळा इतिहास म्हणजे या परतीच्या वाटेची बांधणी आहे.

इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं. आयझॅक पिटमन या लघुलिपीच्या शिक्षकाने ती संधी हेरली. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून टपालाने पाठवत, पिटमन तो तपासून परत धाडत. पुढे 1858 मध्ये लंडन विद्यापीठाने आणखी धाडसी पाऊल टाकलं. कुठेही शिका, कसंही शिका, आमची परीक्षा द्या आणि उत्तीर्ण झालात तर पदवी घ्या. याच विद्यापीठाने 1878 मध्ये आपल्या पदव्या स्त्रियांनाही खुल्या केल्या. उत्तरपत्रिकेची ही वाट किती दूरवर पोहोचते, याचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत सापडतं. तिथल्या ‘युनिसा’ या दूरशिक्षण विद्यापीठाने 1989 साली नेल्सन मंडेलांना कायद्याची पदवी दिली, तेव्हा ते तुरुंगातच होते. माणूस कोठडीत, पण त्याची उत्तरं बाहेर पडली, तपासली गेली आणि त्यांचं मोल झालं.

पण विज्ञानाचं काय? प्रयोग घरी कसे करणार? ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने याचं उत्तर खोक्यात भरून पाठवलं. 1969 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात प्रवेशासाठी आधीच्या कुठल्याही परीक्षेची अट नव्हती. जानेवारी 1971 मध्ये बीबीसीवर त्याचे पाठ सुरू झाले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या दारात टपालाने प्रयोगसाहित्य येऊ लागलं. त्यात हातात मावणारा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही असे. निरीक्षणं नोंदवायची, गृहपाठ पाठवायचा, शिकवणी शिक्षकाचे शेरे वाचायचे आणि अभ्यासक्रम संपला की खोकं परत करायचं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काचपट्टी ठेवून सूक्ष्मदर्शकात डोकावणारी गृहिणी ही त्या विद्यापीठाची रीतसर विद्यार्थिनी होती.

महाराष्ट्रात हा विचार 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या रूपाने उभा राहिला. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं, सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं अशी ती रचना. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून पुस्तकं लिहिली गेली. एकेक घटक थोडा पुढे जातो, मग थांबून प्रश्न विचारतो, जणू लिहिणाऱ्याला पानापलीकडचा चेहरा दिसतो आहे.

साध्या पर्यायी प्रश्नातही हे कसब दडलेलं असतं. ‘उन्हाळा का येतो?’ या प्रश्नाखाली ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून’ हा पर्याय उगाच ठेवलेला नसतो. तो निवडणाऱ्याच्या मनात नेमका कोणता गैरसमज आहे, हे तपासणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. मग त्याला सांगता येतं की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडे थंडी असताना. ऋतू घडतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे. चांगल्या प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक चुकीचा पर्याय असा विचारपूर्वक निवडलेला असतो.

ही परतीची वाट अरुंद झाली की काय होतं, तेही दिसलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने 2012 मध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किटचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना फुकट दिला. दीड लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं, उत्तीर्ण झाले सुमारे 7,000. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मोजक्यांमध्ये मंगोलियातला 15 वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता. पुढे तो एमआयटीतच शिकायला गेला. एका मुलाला जग खुलं झालं, ही गोष्ट मोठीच. पण बाकीचे लाखभर सगळेच काही आळशी नव्हते. कुणी फक्त डोकावायला आलं होतं, कुणाला वेळ पुरला नाही. आणि कितीतरी जण अडले असतील, तेव्हा त्यांच्या अडण्याची दखल घेणारं पलीकडे कुणी नव्हतं.

म्हणूनच पदवी देणारे अभ्यासक्रम नुसत्या व्हिडिओंवर विसंबत नाहीत. आयआयटी मद्रासने 2020 मध्ये डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी जाहीर केली. तिथे जेईईशिवाय प्रवेश मिळू शकतो. आधी चार आठवडे खरोखर शिकायचं, गृहपाठ करायचे आणि मग पात्रता परीक्षा द्यायची. तुम्ही आधी काय होतात यापेक्षा आमच्यासोबत शिकू शकता का, एवढंच पाहिलं जातं. गृहपाठ घरून, पण मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकांसमोर. कारण उत्तर आलं एवढं पुरत नाही, ते त्याच विद्यार्थ्याचं आहे याची खात्री हवी. पदवीच्या कागदाला वजन येतं ते या खात्रीमुळे.

विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी आज नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते. तेव्हा प्रवेश घेण्याआधी आयोगाच्या यादीत संस्थेचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव पाहाच. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा. माझा गृहपाठ कोण तपासतं, किती दिवसांत तपासतं आणि चुकलं तर काय सांगतं? व्हिडिओ किती तासांचे आहेत, यापेक्षा या उत्तरावरून संस्थेची पारख लवकर होते.

आणि प्रवेश घेतलात की एक पथ्य पाळा. उत्तराची खात्री नसली तरी गृहपाठ वेळेवर जमा करा. चुकेल म्हणून मागे ठेवलेलं उत्तर कुणालाच दिसत नाही. चुकलेलं उत्तर पोहोचलं तर, शेकडो मैलांवरच्या त्या शिक्षकाला तुम्हाला शिकवता येतं.