दुखत नाही म्हणून गाठ साधी नव्हे

‘डॉक्टरसाहेब, दुखत नाई, मंग कापू कायले?’ मांडीवरची गाठ दाखवत शेतकरी काका म्हणाले. संग्रामपुरात हा प्रश्न मला नेहमीच ऐकावा लागतो. काकांची गाठ मात्र दुसऱ्यांदा आली होती. दोन वर्षांपूर्वी एके ठिकाणी ती काढली, ‘चरबी आहे’ म्हणून सांगितले आणि तुकडा फेकून दिला. तपासणी नाही, कागद नाही.

चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, पुष्कळांना असते. कातडीखाली मऊ, दाबली की सरकणारी, वर्षानुवर्षे तेवढीच. तिला भिऊ नये. (आपल्याकडे प्रत्येक दुखण्याचे खापर खाऱ्या पाण्यावर फोडतात. मूत्रपिंडापुरती ती शंका समजण्यासारखी आहे, पण गाठीचा दोष पाण्याला देऊ नका.) परंतु स्नायूत खोलवर असलेली, ५ सेंटिमीटरहून मोठी किंवा वाढत जाणारी गाठ असेल, तर क्वचित तो लायपोसार्कोमा हा कर्करोग निघतो.

पंचाईत अशी, की याचा कमी घातक प्रकार सूक्ष्मदर्शकाखालीही साध्या चरबीसारखाच दिसतो. मधूनच तंतूंचे पट्टे आणि त्यांत मोठ्या, गडद केंद्रकाच्या तुरळक पेशी, एवढाच फरक. तिथे जनुकांची साक्ष काढावी लागते. बिघडलेल्या पेशीला रोखणारे पी-५३ हे प्रथिन म्हणजे शरीराचा राखणदार. त्याला आवर घालणारे एमडीएम-२ हे जनुक बाराव्या गुणसूत्रावर असते. निरोगी पेशीत त्याच्या दोनच प्रती. या रोगात त्या कितीतरी पटींनी वाढतात आणि राखणदाराचेच हात बांधले जातात. ‘फिश’ तपासणीत या प्रती चमकत्या ठिपक्यांसारख्या मोजता येतात. साध्या लायपोमात ही वाढ नसते. मिक्सॉइड प्रकारात आणखी वेगळे घडते: बहुधा बाराव्या आणि सोळाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते.

म्हणून खोल गाठीला चीर देण्याआधी एमआरआय आणि सुईने तुकडा घेऊन तपासणी व्हावी. काढलेली गाठ फॉर्मेलिनच्या बाटलीतच पाठवावी, सलाइनमध्ये नव्हे. रिपोर्ट जपून ठेवावा.

काकांना परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पाठवले. १९४१ पासूनचे हे रुग्णालय आपल्याकडच्या लोकांना ‘टाटा’ म्हणूनच ठाऊक. तपासणीत एमडीएम-२ वाढलेले निघाले. भोवतीच्या निरोगी भागासह गाठ काढली, पाय वाचला. गेल्या महिन्यात फेरतपासणीहून परतताना काका दवाखान्यात आले आणि फाइल टेबलावर ठेवून म्हणाले, ‘पयला तुकडा असता त दोन वर्षं वाचली असती ना?’

मी हो म्हणालो.