असईची नदी टेबलावर



दिवाळीत किल्ला करताना सर्वांत आधी काय फसते, ते आठवून पाहा. माती बसते, बुरूज उभे राहतात, मावळे आपापल्या जागा घेतात. फसते ते पाणी. खंदकात तांब्याभर पाणी ओतले, तर थोड्याच वेळात माती ते पिऊन टाकते. मग आपण निळा कागद चिकटवतो आणि समाधान मानतो. पाणी खरे वाटावे असे कसे दाखवायचे, हे आज पाहू. उदाहरणासाठी असे रणांगण घेऊ, की जेथे लढाईला वळण दिले ते नदीनेच.

टेबलावर लहान भूमी रचून त्यावर छोट्या सैनिकांची लढाई नियमांनी खेळायची, या खेळाला ‘वॉरगेम’ म्हणतात. प्रशियात राइसविट्झ यांनी १८१२ साली राजासाठी असे टेबल तयार केले. त्यावर डोंगर, रस्ते, नद्या दाखवणारे प्लास्टरचे तुकडे हवे तसे मांडता येत. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये सुधारित नियम छापले आणि लष्करी अधिकारी त्यावर शिकू लागले. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले आणि हा खेळ घरोघरच्या मुलांपर्यंत पोचू लागला.

आपले रणांगण असईचे. दौलतराव शिंदे यांच्या छावणीवरून १८१० नंतर आपल्या ग्वाल्हेरचे ‘लष्कर’ वसले, हे आपण जाणताच. त्याआधी सात वर्षे, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. असई हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई. पूर्वेकडे या दोन नद्या एकमेकींना मिळतात आणि मध्ये जिभेसारखी जमीन उरते. त्या जमिनीत मराठी फौज केळणेकडे तोंड करून, सुमारे शंभर तोफा घेऊन उभी होती. समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे.

वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितले की, जवळपास दुसरा उतार नाही. पण नदीच्या दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर वसलेली दोन गावे त्याला दिसली. त्यांतले अलीकडचे पिंपळगाव. समोरासमोरच्या गावांत येणेजाणे असणारच, आणि येणेजाणे असेल तर उतारही असणार, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला. त्या उतारावर पहारा नव्हता. फौज पलीकडे गेली आणि मराठी फौजेच्या बगलेवर आली.

म्हणून या प्रतिकृतीत नदी ही शोभेची वस्तू नाही. ती जशी दिसेल, तशी लढाई समजेल.

मोजमाप. चार फूट बाय तीन फूट प्लायवुड घ्या. चार फुटांत सुमारे ३ किलोमीटर जमीन बसवायची, तर प्रमाण साधारण १ : २५०० येते. समजा नदी २५ मीटर रुंद आहे. टेबलावर ती फक्त १ सेंटिमीटर होईल. एवढ्या रेघेत पाणी दिसणार नाही. म्हणून नदी ४-५ सेंटिमीटर रुंद करावी. सैनिकही जमिनीच्या मापापेक्षा मोठेच असतात. ही तडजोड सर्वच जण करतात. मात्र ती फलकावर लिहून ठेवावी.

पात्र. नदी जमिनीवर चिकटवू नका, जमिनीत खोदा. प्लायवुडवर थर्माकोलची पाटी पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाने चिकटवून नदीचा मार्ग कापून काढा. थिनर असलेला गोंद किंवा स्प्रेचा रंग वापरलात, तर थर्माकोल विरघळेल. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह जोराचा असतो, तेथे काठ उभा तुटलेला दाखवा. आतल्या बाजूला वाळू साचते, तेथे काठ सपाट ठेवा. मग पुट्टीचा हात फिरवून, वाळल्यावर पातळ फेविकॉलचे दोन हात द्या. हे केले नाही, तर पुढे बुडबुडे येतात आणि पाणी फटींतून झिरपते.

रंग. येथे बहुतेकांची चूक होते. उथळ नदीत आपल्याला दिसतो तो तळ, त्यावर पाण्यातला गाळ आणि वर आकाशाची चमक. सप्टेंबरात, पावसाळ्याच्या शेवटी, काळ्या मातीच्या प्रदेशातली नदी निळी कशी असेल? तळाला मातकट तपकिरी रंग द्या. मध्ये, खोल भागात गडद, काठाकडे फिकट करत या. रंग वाळण्यापूर्वी एकमेकांत मिसळा, रेघ दिसू देऊ नका. खरी रेती आणि बारीक खडे याच वेळी चिकटवा.

पाणी. खरे पाणी का नको? पाण्याचा थेंब लहान होत नाही. आपल्या सैनिकाच्या डोक्यापेक्षा तो मोठा असतो आणि लगेच सोंग उघडे पडते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाण्यात मिसळणारे चकचकीत वॉर्निश. त्याचे पाच-सहा पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात पुरता वाळू द्यावा. फेविकॉल जाड ओतू नये. तो दुधाळ राहतो आणि आकसून तडकतो.

खोली हवी असेल, तर दोन भागांचे इपॉक्सी रेझिन वापरतात. डब्यावरचे प्रमाण काटेकोर पाळावे; अंदाजाने मिसळलेले रेझिन चिकटच राहते. एका वेळी २-३ मिलिमीटरच ओतावे. दोन द्रव एकत्र आले की उष्णता निर्माण होते. थर जाड असेल तर तो तडकतो आणि थर्माकोलही वितळते. ओतण्यापूर्वी पाणसळ लावून फळी सपाट करा, कारण रेझिन आपली पातळी स्वतः शोधते. नदीची टोके घट्ट बंद करा. बुडबुडे टाचणीने फोडा आणि धूळ बसू नये म्हणून वर खोके पालथे घाला. हे काम मोठ्यांनीच, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून करावे. उरलेले रेझिन मोरीत ओतू नये, घट्ट होऊ द्यावे. लहान वर्गांसाठी वॉर्निश पुरेसे आहे.

उतार. आता सर्वांत महत्त्वाची जागा. पिंपळगावापाशी तळ फिकट ठेवा, खडे जास्त लावा, वॉर्निशचे हात कमी द्या. दोन्ही काठांवरून पाण्यात उतरणारी गाडीवाट अगदी पुसट दाखवा. खेळताना उताराची जागा कुणी सांगायची नाही. टेबल पाहून ज्याला ओळखता येईल, त्याने तेथून जावे. इतरत्र नदी ओलांडणाऱ्याची चाल निम्मी होईल आणि तोफा नेता येणार नाहीत, असा नियम करा.

असा खेळ एकदा मांडला की प्रश्न बदलतो. “मराठे का हरले?” एवढेच विचारून आपण थांबत नाही, “उतारावर पहारा का नव्हता?” असे विचारू लागतो. आणि दुसरी गोष्टही दिसते. शत्रू बगलेवर येताच शिंद्यांच्या शिस्तबद्ध पलटणींनी मोर्चा काटकोनात फिरवला. गोलंदाज तोफांपाशी अखेरपर्यंत लढले. वेलस्लीच्या सुमारे साडेचार हजार कवायती सैन्यापैकी दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. त्यांत कंपनीच्या नोकरीतले आपल्याच देशातले शिपाई पुष्कळ होते. टेबलावरचा सैनिक आडवा करताना हे विसरू नये.

पालक आणि विश्वस्त मंडळींना एकच विनंती. अशा कामाला फार खर्च लागत नाही, पण जागा लागते आणि वाळायला वेळ लागतो. इतिहासाच्या खोलीत एक टेबल महिनाभर कुणी न हलवता राहू द्यावे. बाकीचे मुले करतील.

आणि मित्रहो, सुरुवात टेबलापासून करू नका. या सुट्टीत जवळच्या कोणत्याही नदीकाठी मोठ्यांबरोबर जा आणि काठावरूनच पाहा. पाण्याचा रंग कोणता, काठ कुठे तुटला आहे, गुरे कुठून उतरतात, पायवाट कुठे पाण्यात शिरते, हे वहीत लिहून आणा. ज्याला ते दिसले, त्याला नदी करता येईल.