गॉब्लिन पळून का जात नाहीत? डी अँड डीमधला 'मोराल'चा नियम

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना एक गोष्ट हमखास खटकते. सहापैकी पाच गॉब्लिन मेले, तरी सहावा तलवार घेऊन अंगावर येतोच! त्याला जीव प्यारा नाही का? शिवाय निकाल दिसत असताना फासे टाकत बसायचं, म्हणजे नुसता कंटाळा.

यावरचा उपाय १९८१ च्या बेसिक सेटमध्येच आहे. त्यात प्रत्येक मॉन्स्टरला २ ते १२ मधला एक मोराल, म्हणजे हिमतीचा आकडा दिलेला असतो. त्यांच्यातला पहिला मेला की एकदा आणि निम्मे गारद झाले की पुन्हा एकदा, डीएमने सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज मोरालपेक्षा जास्त आली, तर ते पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिनचा मोराल ७, म्हणजे ३६ पैकी १५ वेळा ते धूम ठोकणार. त्यांचा राजा सोबत असेल तर मोराल ९, मग फक्त ६ वेळा. म्हणून आधी राजाला गाठा! सांगाड्यांचा १२, ते कधीच घाबरत नाहीत (मेलेल्याला मरणाची काय भीती).

२०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हाच प्रकार विझडम सेव्हने होतो, पण तो नियम ऐच्छिक आहे. मला जुने दोन फासेच बरे वाटतात.

डीएम असाल तर पळालेल्यांचेही पूर्ण एक्सपी द्या, नाहीतर खेळाडू एकेकाच्या मागे धावत सुटतात. आणि तो निसटलेला गॉब्लिन लक्षात ठेवा. पुढच्या खोलीत जाऊन तो बोंब मारणारच.