टोर्नेडो : काही मिनिटांचा प्रलय

२६ एप्रिल १९८९. बांगलादेशातील माणिकगंज जिल्हा. कित्येक महिने पाऊस नव्हता. त्यामुळे सायंकाळी आभाळ भरून आले तेव्हा लोकांना बरेच वाटले असेल. पण त्या ढगातून टोर्नेडो खाली उतरला आणि दौलतपूर व साटुरिया भागांतील वस्त्या काही मिनिटांत भुईसपाट झाल्या. सुमारे १,३०० माणसे मेली, १२,००० जखमी झाली, ८०,००० बेघर झाली. टोर्नेडो सर्वात जास्त होतात ते अमेरिकेत. मग जगातला सर्वात मोठा मृत्यूचा आकडा बांगलादेशचा का?

आधी टोर्नेडो म्हणजे काय ते पाहू. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि उपग्रहावर काही दिवस आधीच दिसते. टोर्नेडो हा गडगडाटी ढगाच्या तळातून जमिनीपर्यंत सोंडेसारखा उतरणारा, गरगर फिरणारा हवेचा स्तंभ. बहुतेक टोर्नेडो काही मिनिटेच टिकतात. पण सर्वात जबर टोर्नेडोत वारा ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. आपली उन्हाळ्यातील वावटळ तिसरीच. ती तापलेल्या जमिनीवरून वर उठते, ढगाशी तिचा संबंध नसतो. (वावटळीत भूत असते असे सांगून पोरांना भिववणाऱ्यांनी एवढे जरी समजावून सांगितले तरी पुष्कळ.)

एप्रिल-मे महिन्यांत बंगालच्या उपसागरावरून उबदार, दमट हवा जमिनीलगत येते. तिच्या वर पश्चिमेकडची कोरडी हवा असते. उंचीप्रमाणे वाऱ्याची दिशा आणि वेग बदलला की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. ढगात वर चढणारा झोत या लाटण्याला उभे करतो आणि ढगच फिरू लागतो. अशा सगळ्याच ढगांतून टोर्नेडो निघत नाही, पण जबर टोर्नेडो बहुधा अशाच ढगांतून निघतात.

आता मूळ प्रश्न. नुसत्या वाऱ्यापेक्षा उडालेला पत्रा, वासा, वीट माणसाला मारते. दाट वस्ती, कुडाच्या भिंती, वर पत्रे आणि वेळेवर इशारा नाही, हे माणिकगंजचे उत्तर आहे. गरिबाचे घरच त्याच्या अंगावर येते. बरे, इशारा मिळाला म्हणजे सारे वाचतात असेही नाही. अमेरिकेतील जॉप्लिन शहरात २२ मे २०११ रोजी भोंगे आधी वाजले होते. तरी सुमारे १६० जण गेले. भोंगे नेहमीच वाजतात म्हणून अनेकजण दुसरी खूण दिसेपर्यंत थांबून राहिले.

आपल्या देशात टोर्नेडो क्वचित होतात, पण होतात. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरात झालेल्या टोर्नेडोत २८ जण मरण पावले. शिवाय वळवाच्या वादळात पत्रे उडणे आपल्या वस्त्यांना नवे नाही.

काळे-हिरवट आभाळ, मोठ्या गारा, ढगाचा फिरणारा तळ, आगगाडीसारखी सततची घरघर, यांतले काही जाणवले की लगेच हलावे. पक्क्या घरात खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या लहान खोलीत किंवा जिन्याखाली बसावे आणि डोक्यावर गादी घ्यावी. खिडक्या उघडल्या तर घर वाचते ही समजूत चुकीची आहे. उलट वारा आत शिरून छप्पर उचलतो. पत्र्याच्या घरात थांबू नये. जवळची पक्की इमारत आधीच हेरून ठेवावी, पण तेथेही मोठ्या सभागृहात बसू नये, कारण रुंद छत लवकर कोसळते. उघड्यावर सापडल्यास झाडे आणि वाहनांपासून दूर खोलगट जागी पालथे पडून डोके हातांनी झाकावे. पुलाखाली मुळीच उभे राहू नये. तेथे वाऱ्याचा जोर वाढू शकतो आणि उडालेल्या वस्तूंपासून आडोसा मिळत नाही.

वादळ गेल्यावर तुटलेल्या विजेच्या तारांपासून दूर राहावे. ढिगाऱ्यात अनवाणी फिरू नये, खिळे असतात. मातीने माखलेली जखम लहान दिसली तरी साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्यासाठी दवाखाना गाठावा.