विमान रानात उतरले तर

रात्री अंगणात बाज टाकून पडले, की आभाळात लाल दिवा लुकलुकत जाताना दिसतो. ते विमान. 1949 साली रात्रीचे टपाल विमानाने जाऊ लागले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने आपल्या नागपुरात जमत. पिशव्यांची अदलाबदल करून परत फिरत. आमच्या मनात येते, असे विमान बिघडून रानात उतरले तर आतल्या माणसांनी काय करायचे?

ऑस्ट्रेलिया देशात हा प्रश्न फार मोठा. तिथला मधला मुलूख उजाड. कोसच्या कोस गाव नाही, विहीर नाही. 1929 सालच्या मार्चअखेर तिकडे एक विमान बेपत्ता झाले. ते शोधायला कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक दुसऱ्या लहान विमानातून निघाले. 10 एप्रिलला इंजिन बिघडले. तनामीच्या वाळवंटात उतरावे लागले. इंजिन तर त्यांनी दुरुस्त केले. पण चहूकडे झुडपे. विमान धावणार कुठून? मग ती झुडपे तोडत राहिले. राबले की घाम जातो, आणि पाणी दोघांत जेमतेम तीन लिटर! बिनतारी यंत्रही नव्हते. दोघे तहानेने गेले. ज्यांना शोधायला निघाले, ती माणसे 12 तारखेलाच जिवंत सापडली होती.

आता तिकडचा शहाणा वैमानिक आधी पाणी चढवतो. कोणत्या वाटेने जाणार, केव्हा पोचणार, हे मागे लिहून ठेवतो. वेळेवर पोचला नाही की शोध सुरू. जवळ एक लहान यंत्र असते, त्याची हाक आभाळातला उपग्रह ऐकतो. उन्हात चमकवायला आरसा असतो. आणि उतरावे लागले तर विमान सोडून जायचे नाही. वरून विमान दिसते, एकटा माणूस दिसत नाही. दिवसा सावलीत पडून राहायचे, काम रात्रीच्या गारव्यात.

आपणही वैशाखात बिटरगावकडच्या रानात तेंदूची पाने तोडायला जातो. कित्येक गडी लहानशी बाटली घेऊन निघतात. म्हणतात, नाल्याला पाणी असेल. वैशाखात कुठला हो नाला वाहतो? पाणी घरूनच भरपूर न्यावे. वाट चुकली तर भटकू नये, सावली धरून बसावे, हाका माराव्या. घरी "रानात जातो" एवढे सांगून भागत नाही. आता आपल्याला लिहिता येते. दाराजवळच्या पाटीवर दोन ओळी लिहाव्या: "तेंदूला गेलो. मोठ्या नाल्याच्या अंगाला. संगे दोघे आहेत. दिवस मावळायच्या आत येतो."