बाहुलीच्या केसांचा टोप

माणसाचे केस चुकून अधिक कापले गेले तरी पुन्हां वाढतात. बाहुलीच्या टोपाचे वाढत नाहींत. म्हणून नवशिक्यानें पहिला धडा संयमाचा घ्यावा. टोप बाहुलीच्या डोक्यावर नीट बसवून केस टोंकांकडून मुळांकडे हळूहळू विंचरीत यावें. कात्री आडवी धरल्यास कड पायरीसारखी दिसते. यास्तव ती उभी धरून टोंकें थोडथोडीं छाटावीं. कुरळे केल्यावर केस आंखूड दिसतात, तेव्हां ते प्रथम जवभर लांबच ठेवावे. मोहेर हा अंगोरा बकरीचा केस, नैसर्गिक तंतु होय. परंतु पुष्कळसे कृत्रिम तंतु तापलेल्या चिमट्यानें वितळतात. सबब छाटलेले केस फेंकूं नयेत. उष्णतेची परीक्षा आधीं त्यांवरच पाहावी.