पॅटन रणगाड्याची चेन

सुट्टी लागली की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, मुलाच्या हातातला मोबाईल सुटत नाही. तो नुसत्या ओरड्याने सुटणार नाही, त्या हातांना दुसरे काम द्यावे लागेल, असे आम्ही पालीत शिकवताना पालकांना नेहमी सांगतो. असेच एक काम म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून रणगाड्याचे मॉडेल तयार करणे. बाजारात 1:35 मापाचे संच जास्त मिळतात. म्हणजे खऱ्या रणगाड्याचे 35 सेंटिमीटर ते मॉडेलवर 1 सेंटिमीटर. गुणोत्तराचा धडा हाताला कळतो.

रणगाडाच का, असे कोणी अम्मी-अब्बा विचारतील. रणगाडा हे युद्धाचे यंत्र आहे, हे खरेच. म्हणूनच मॉडेल जोडताना त्याच्यामागचा इतिहासही मुलांना सांगावा. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे अब्दुल हमीद हे एका दर्जीचे पुत्र. ग्रेनेडियर्सच्या चौथ्या पलटणीत ते हवालदार होते. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबच्या खेमकरण भागात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पुढे सरकत होते. अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने एकामागोमाग एक रणगाडे निकामी केले आणि 10 सप्टेंबर रोजी ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असते, पण ती लढाई कशी झाली हे क्वचितच कोणी सांगतो.

त्या लढाईत चिखलाचाही वाटा होता. शेतांत पाणी सोडलेले होते. ऊस उभा होता. जड पॅटन तिथे रुतले, मंदावले आणि माऱ्यात सापडले. रणगाड्याचे वजन जमिनीवर पसरवण्याचे काम त्याची चेन करते. आपली मुले वाकण-खोपोली रस्त्याच्या कामावर पोकलेन पाहतात, त्याला असते तीच ही चेन. भातखाचरातून साधी गाडी जात नाही तिथे पोकलेन जातो, तो चेनीमुळे. मात्र चिखल फार खोल असला तर चेनही हरते.

मॉडेलमध्येही चेन हाच अवघड भाग. बहुतेक संचांत ती व्हिनाइलची, म्हणजे मऊ, वाकणाऱ्या प्लास्टिकची असते. बाकीचे भाग कडक पॉलिस्टायरीनचे असतात. दोघांचा स्वभाव निराळा, म्हणून कामाची रीतही निराळी.

पहिले काम धुण्याचे. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा चेनीवर राहतो, त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने ती घासावी आणि सावलीत वाळवावी. पाकिटात दुमडून वाकडी झालेली चेन गरम पाण्यात थोडा वेळ ठेवली की सरळ होते.

मग रंग. चेन बसवण्याआधीच रंगवावी, कारण नंतर आतल्या बाजूला ब्रश पोहोचत नाही. ॲक्रिलिक रंग बरा. तेलात मिसळणारा इनॅमल रंग व्हिनाइलवर कधी कधी दिवसेंदिवस चिकट राहतो. थर पातळ द्यावेत, जाड थर चेन वाकली की तडकतो. आधी काळपट तपकिरी रंग. तो वाळल्यावर ब्रशला किंचित चंदेरी रंग घेऊन कागदावर जवळजवळ पुसून टाकावा आणि फक्त उंचवट्यांवरून फिरवावा. घासून चकाकलेले पोलाद तसेच दिसते. पण सगळी चेन चंदेरी करू नये. पॅटनच्या अनेक चेनींना बाहेरून रबराचे ठोकळे असत, ते गडद करडेच ठेवावेत. चमक द्यावी ती कडेच्या जोडांना आणि आतल्या दात्यांना. सेंचुरियनची चेन मात्र पोलादी होती.

आता जोडणी. काही चेनींच्या एका टोकाला खुंट्या आणि दुसऱ्या टोकाला भोके असतात. खुंट्या भोकांतून काढून स्क्रू-ड्रायव्हरच्या गरम टोकाने चपट्या करायच्या. हे काम मोठ्या माणसाने करावे, तेही खिडकी उघडी ठेवून. जळत्या व्हिनाइलचा धूर छातीला वाईट. काही नव्या चेनी प्लास्टिकच्या साध्या गोंदाने जोडता येतात, जुन्यांना तो धरत नाही. तिथे झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा बारीक थेंब लावावा किंवा सरळ सुई-दोरा घेऊन काळ्या दोऱ्याने दोन टाके घालावेत. घरातल्या शिवणकाम करणाऱ्या खालाची मदत इथे मोलाची! जोड खालच्या बाजूला, चाकाखाली लपवावा.

चाकांच्या आसांचा गोंद पूर्ण एक दिवस वाळल्याशिवाय चेन चढवू नये. ताणाने आस वाकतात. खरी चेन जड असते, त्यामुळे वरच्या बाजूला ती दोन आधारांच्या मध्ये थोडी झोल खाते. व्हिनाइलची चेन ताठ राहते. म्हणून वरचा भाग खालच्या चाकांकडे किंचित दाबून, मध्ये स्पंजचा तुकडा ठेवून, गोंद धरेपर्यंत सोडावा.

शेवटी चिखल. आपली कोकणची तांबडी माती इथे चालणार नाही. खेमकरणची माती नदीच्या गाळाची, भुरकट. त्या रंगाची माती मलमलच्या कापडातून गाळावी, पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदात कालवावी आणि चेनीच्या खाचांत भरावी. मूल 'माती कुठली?' असे विचारू लागले की भूगोलही आपोआप येतो.

एक काळजी पुढची. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि कडक प्लास्टिक वितळवते. म्हणून न जोडलेला संच वर्षानुवर्षे ठेवायचा असेल तर चेन वेगळ्या पिशवीत ठेवावी आणि चाकांना आधी रंगाचा थर द्यावा.

खरे रणगाडे पाहायचे असतील तर अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, इथले 1994 मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे. तिथे युद्धात हाती लागलेला पॅटनही आहे. त्याच्या चेनीची एक कडी पाहिली की खेमकरणच्या शेतात काय आडवे आले असेल याचा अंदाज येतो, आणि उघड्या जीपवर बसून अशा यंत्रासमोर उभे राहणाऱ्या माणसाच्या हिमतीचाही.

हा शौक मुलांपुरता नको, मुलींनाही द्यावा. दोन चेनींचे काम चार संध्याकाळी पुरते. तेवढा सबर शिकलेले हात पुढे कुठल्याही कामाला उपयोगी पडतात, मग ते आयटीआयचे असो, शिलाई मशीनचे असो की शस्त्रक्रियेचे.